ओढ

आईनं माझ्या डाव्या पायाची टाच तळहातात घेतली, दुसऱ्या हातानं पाऊल वरून धरलं आणि पदराचं टोक दातात चावलं. एवढं झालं की ती तयार असायची.

“ओरडला तरी सोडू नको,” दादा म्हणाले. दादा म्हणजे माझे वडील. हे ते प्रत्येक वेळी म्हणायचे आणि आई प्रत्येक वेळी मान हलवायची. सोप्याच्या खांबाला टेकून मी हे लहानपणापासून बघत आलो होतो. आज पहिल्यांदाच गादीवर मी झोपलो होतो.

“मांडी घट्ट दाब रं,” दादा सुशांतला म्हणाले.

सुशांत इंगळे माझा मित्र. आम्ही दोघं बरोबर पळायचो, बरोबर उड्या मारायचो. मी पडलो तेव्हा त्यानंच मला दुधाच्या टेम्पोत घालून घरी आणलं होतं. त्याचं तोंड माझ्यापेक्षा पांढरं पडलं होतं.

“काका, मला चक्कर आल्यासारखं व्हायलंय.”

“मग त्याच्या अंगावर पड. वजन तरी कामाला येईल.”

दादांनी माझ्या नडगीवरून अंगठा फिरवला. डोळे मिटून, फळीवरचा खिळा चाचपावा तसा, सावकाश. “दोन्ही हाडं गेल्यात,” ते म्हणाले. “खड्ड्यावरनं उड्या मारायला कुणी सांगितलं होतं?”

“भरतीत असते उडी. नऊ फूट.”

“जमली का पर?”

“आधी जमली होती.”

“गादीवर बसायला पाय कुठं लागत्यात,” दादा म्हणाले.

सुशांत फिसकन हसला. आईपण हसली, पदर दातात धरूनच. मला त्या वेदनेतही राग आला.

आमच्या घरातली गादी म्हणजे सोप्यात अंथरलेली एक जाड सतरंजी आणि तिच्या टोकाला एक तक्क्या. पण मोराळवाडीत तिला गादीच म्हणायचे, कारण ती बापाकडून मुलाकडं जात आली होती. आमचे घार्गे हाडवैद्य. पंचक्रोशीत कुणी झाडावरून पडलं, कुणाला बैलानं उडवलं, की त्याला बाजेवर घालून आमच्याकडं आणायचे. दादा पैसे घेत नसत, एक नारळ घेत. फोटो, प्लास्टर असलं काही नव्हतं. कांडवेल आणि आंबेहळदीचा लेप, बांबूच्या कामट्या, जुन्या धोतराच्या पट्ट्या, आणि दादांचा अंगठा.

हाड बसवायला दोन माणसं लागतात. मोडलेल्या हाडाची टोकं स्नायूंच्या ताणानं एकमेकांवर चढतात. म्हणून एकानं पायाशी बसून पाय आपल्याकडं ओढून धरायचा. त्याला आमच्याकडं ओढ धरणं म्हणतात. दुसऱ्यानं अंगठ्यानं हाड रेषेत आणायचं आणि कामट्या बांधायच्या. कामट्या चार. चौथीची गाठ बसेपर्यंत ओढ सुटता कामा नये. आणि त्या शेवटच्या गाठीच्या आधी, ओढ धरणाऱ्यानं दोन्ही टाचा शेजारीशेजारी आणून बघायच्या. दादा गुडघ्याशी, पावलाकडं पाठ करून बसलेले असत. त्यांना टाचा दिसत नसत. ते विचारायचे, “जुळल्या?” आई म्हणायची, “जुळल्या.” मग गाठ.

गादी मुलाकडं जाते, तशी ओढ सुनेकडं. आईचं लग्न होऊन ती या घरात आली, त्याच दिवशी कुणीतरी मांडी मोडलेला माणूस आणून सोप्यात ठेवला. आजीनं त्याचा घोटा नव्या नवरीच्या हातात दिला आणि आपण उठून चुलीकडं गेली. परत कधी ती पायाशी बसली नाही. ही गोष्ट आमच्याकडं कौतुकानं सांगायचे. हातावरची मेंदी त्या माणसाच्या पायाला लागली होती म्हणे. आमच्याकडचे लोक मुलगी बघायला गेले की चेहऱ्याआधी हात बघतात, यावरून सुशांत मला फार चिडवायचा. “तुला मुलगी कशाला, क्रेन बघू.”

“भरती कधी हाय?” दादांनी विचारलं. अंगठा नडगीवर थांबला होता.

“दिवाळीनंतर.”

“पळशील.”

मी त्यांच्याकडं बघितलं. त्याच आठवड्यात आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. मी डोक्याचे केस फौजेसारखे बारीक करून आलो, तेव्हा त्यांनी माझं ताट उचलून कुत्र्यापुढं ठेवलं होतं. “बाप जिवंत असताना डोकं भादरलंस,” म्हणाले होते. मी म्हणालो होतो, “मी दुसऱ्यांची मोडलेली हाडं चाचपत जन्म काढणार नाही. मला या गावात राहायचंच नाही.” त्यावर ते म्हणाले, “मग माझ्या पाठीमागं ही गादी कुणी, तुझ्या सुशांतनं चालवायची?”

आणि आता म्हणत होते, पळशील.

“हाड माझ्या हातात आलंय,” दादा म्हणाले. “काठी न घेता पळशील. मग कुठं जायचं तिकडं जा. परत माझ्या तोंडाकडं बघू नको. पर लंगडा म्हणून न्हाई जायचास माझ्या घरातनं.” मग ते आईकडं न बघता म्हणाले, “धर.”

आईनं ओढ धरली.

त्याचं वर्णन मी करणार नाही. सुशांत खरंच माझ्या अंगावर पडला, एवढं आठवतं. पहिली कामटी बांधली, दुसरी बांधली. दादांचा श्वास माझ्या गुडघ्यावर लागत होता. तिसरी बांधत असताना पायात काहीतरी बारीक सरकलं, डबीचं झाकण जागेवर बसावं तसं, आणि एकदम बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी रडायचा थांबलो. मला वाटलं, बसलं.

“जुळल्या?”

“जुळल्या,” आई म्हणाली.

दादांनी गाठ मारली आणि हात धुवायला गेले. आई मात्र जागेवरून लगेच उठली नाही. माझं पाऊल मांडीवर घेऊन, त्यावरचा चिखल ती नखानं खरवडत बसली.

पाय बांधून मी सोप्यातच पडून होतो. दादा माझ्याशी बोलत नव्हते, पण रोज लेप बदलायच्या वेळी येऊन बसायचे. आई दोन्ही वेळा भरवायची. लेपासाठी आणलेली अंडी दादांच्या नकळत उकडून द्यायची. “खा. हाड धरायला पायजे.”

त्या दिवसांत अंगणात दोरीवरचे कपडे दिवसभर पाणी गाळत राहायचे. एरवी कपडे मी पिळायचो. आईला ते जमत नसे. तिची मनगटं सुजलेली असायची, पावसाळ्यात जास्त. बांगडीवाली कासारीण यायची तेव्हा बांगडी हातात चढायची, पण मनगटावर येऊन अडायची, मग ती साबण लावायची आणि म्हणायची, “वैनी, हे घरातल्या वैद्याला दाखवा की.” आई म्हणायची, “वैद्याला मोडलेलंच दिसतं. दुखलेलं दिसत न्हाई.” कासारीण हसायची. दादाही तिथंच बसलेले असले तर हसायचे.

पाय मोडायच्या थोडे दिवस आधीची एक गोष्ट मला तेव्हा पडल्यापडल्या आठवायची. मी पळण्याचा सराव करून आलो होतो, आई चुलीपुढं होती. तिनं विचारलं, “फौजेतल्या पोरांची लग्नं कधी करत्यात रं?”

“कशाला? उशिरा. पंचविशीच्या पुढं.”

“आणि बायकू? हितंच ठेवत्यात न्हवं?”

“ज्यानं त्यानं ठरवायचं. मी तर घेऊनच जाणार. क्वार्टर देतात तिकडं.”

“तिकडं,” आई म्हणाली.

“तिला इथं कशाला ठेवू? लोकांचे पाय ओढायला?”

आईनं भाकरी उलटली. तिला गंमत वाटली असेल असं मला वाटलं. घरात मी जायला निघालोय हे जिनं कधी बोलून नाकारलं नाही, अशी ती एकटीच होती. मी तिला माझ्या बाजूची धरत होतो.

कामट्या सुटल्या. पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा जमीन एका बाजूला उतरती वाटली.

“सवय गेलीय,” आई म्हणाली. “चाललास की येईल.”

मी चाललो, मग पळालो. सुशांत बरोबर पळायचा आणि काही बोलायचा नाही. एकदाच म्हणाला, “तू डावीकडं काय शोधतोस का रं पळताना? दर पावलाला खाली बघितल्यासारखा पळतोस.” मी त्याला शिवी दिली. ताकद कमी पडतेय असं समजून मी त्या पायावर जास्त उड्या मारायला लागलो.

दिवाळीनंतर भरती झाली. मैदानावर हजारभर पोरं होती. धावणं मी पार केलं. कसं केलं ते माझं मला माहीत, पण केलं, आणि सुशांतच्या आधी केलं. खड्डाही पार केला. मग आम्हाला उघड्या अंगानं रांगेत उभं केलं. एक हवालदार काठी घेऊन रांगेतून येत होता. आपल्याकडचाच होता, मराठी बोलत होता.

माझ्यापुढं येऊन तो थांबला.

“टाचा जुळव.”

“जुळवल्यात, साहेब.”

“मग असा वाकडा का हुबा हायस? एस्टीची वाट बघतोयस काय?”

पोरं हसली. मी सरळ झालो, तर उजवा गुडघा वाकला. गुडघा ताठ केला, तर कंबर कलली. हवालदारानं काठीचं टोक माझ्या टाचांमध्ये घातलं. “जुळव. अजून जुळव.” मी जुळवत राहिलो. टाचा एकमेकींना चिकटलेल्या होत्या. त्या खाली जमिनीवर एकत्र टेकत नव्हत्या, एवढंच.

डॉक्टरांनी टेप लावली आणि कागदावर काहीतरी लिहून मला बाजूच्या रांगेत पाठवलं. हवालदारानं जाताजाता विचारलं, “पाय कुणी बसवला?”

“वडिलांनी. हाडवैद्य आहेत.”

“बेस हाय. लोकांचं मोडलेलं नीट करतोय आणि घरचं कापून आखूड.”

हे वाक्य माझ्याआधी गावात पोचलं. रांगेत आमच्याकडची पोरं होती.

घरी आलो तेव्हा दादा गादीवर बसलेले होते. “झोप,” म्हणाले. मी झोपलो. मग ते उठले आणि माझ्या पायाशी जाऊन बसले. मी त्यांना त्या जागी कधी बसलेलं बघितलं नव्हतं. त्यांनी दोन्ही टाचा शेजारी आणल्या. बराच वेळ तशाच धरून ठेवल्या. मग नडगीवर अंगठा ठेवला, पण तिथं आता हाडाची गाठ जाड जमली होती, बोटाला काही कळण्यासारखं राहिलं नव्हतं.

“अंगठा चुकला,” ते म्हणाले. “माझा हात गेला.”

आई दारात उभी होती. ती म्हणाली, “वय झालं की जातोच.”

दादा तेव्हा पन्नाशीचेही नव्हते.

त्यांनी गादीची गुंडाळी केली आणि माळ्यावर टाकली. त्यानंतरही माणसं येत राहिली. एक बाई दंड मोडलेलं पोर कडेवर घेऊन आली होती, आणि ते पोर किंचाळत होतं. दादा परड्यात जाऊन गोठ्यामागं उभे राहिले. आईच पुढं झाली आणि म्हणाली, “त्यांचा हात गेला, बाई. सोताचं पोरगं लंगडं केलंय. तुझं कशाला देतीस?” गोठ्यामागं ते ऐकू गेलं असणार. आईचा आवाज मोठा होता. पुढं पुढं हे ती जवळजवळ याच शब्दांत सांगायची, आणि माणसं यायची कमी झाली.

मी कॉलेजला गेलो. घरी बसून करायचं काय होतं? आधी वडूजला बीएस्सी केली, मग कोल्हापूरला एमेस्सी, पदार्थविज्ञानात. दादांनी पैसे दिले, विचारलं काही नाही. सुट्टीत घरी यायचो तेव्हा ते दारात बसून आपला उजवा अंगठा डाव्या तळहातावर फिरवत असायचे. आई बरी दिसायला लागली होती. मनगटांची सूज उतरली होती. एकदा आलो तर तिनं भरल्या चुड्याच्या नव्या बांगड्या दाखवल्या. “साबण न लावता चढल्या,” म्हणाली.

एमेस्सीच्या दुसऱ्या वर्षी माझा उजवा गुडघा दुखायला लागला. प्रयोगशाळेत उभं राहणं जमेना. डॉक्टरांनी दोन्ही पायांची एक्स-रे फिल्म काढली आणि ती काचेच्या दिव्यावर लावून माझ्याऐवजी शेजारच्या शिकाऊ डॉक्टरला बोलावलं.

“हे बघ. घरी बसवलेलं हाड. बसवणाऱ्याचा हात काय आहे बघ. रेष जरासुद्धा हललेली नाही. आपल्याला ऑपरेशन करून असं जमत नाही.” मग माझ्याकडं वळून म्हणाले, “फक्त टोकं एकमेकांवर चढलीत. पावणेदोन सेंटिमीटर. बुटात टाच घालावी लागेल.”

मी फिल्म घेऊन खोलीवर आलो आणि खिडकीला धरून बघत बसलो. हात गेलेल्या माणसाचं हे काम नव्हतं. ज्याला रेष एवढी अचूक साधली, त्याला लांबी साधली नाही, हे मला पटेना. मोजमापात चूक होते तेव्हा ती अशी निवडून एकाच बाजूला होत नाही. ती एकाच बाजूला झाली, तर ती चूक नसते. मी दुसऱ्या दिवशीची पहिली एस्टी पकडली.

फाट्यावर उतरलो तेव्हा पिंपळाखाली एक बाज ठेवलेली होती. वर वीटभट्टीवरचा एक माणूस पडला होता, पाय फळ्यांना दोरीनं बांधलेला. त्याची बायको पदरानं माशा वारत होती. “घार्ग्यांकडं गेलो हुतो,” ती म्हणाली. “बाईनं परत लावलं. साताऱ्याला न्यायला गाडी येतीय म्हंत्यात.”

घरी दादा दारातच होते. आई सोप्यात बसून सुपात पावट्याच्या शेंगा सोलत होती. मी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. फिल्म त्यांच्यापुढं धरली.

“तुम्ही मुद्दाम केलंत.”

“काय?”

“पाय. मला फौजेत जाऊ द्यायचं नव्हतं, तर बांधून ठेवायचं होतं. हात गेला, हात गेला म्हणत इतकी वर्षं नाटक कशाला केलंत? डॉक्टर म्हणतात असा हात त्यांनी बघितला नाही.”

दादांनी फिल्म घेतली. ती उलटी होती, ती त्यांनी सुलटी केली आणि उन्हात धरली. त्यांनी आयुष्यात कधी हाड डोळ्यांनी बघितलं नव्हतं. ते अंगठा फिल्मवरून वरून खाली नेत होते, मग पुन्हा वरून खाली.

“हे तुझं?”

“मग कुणाचं?”

“सरळ हाय,” ते म्हणाले.

“सरळच आहे. म्हणून तर विचारतोय.”

“अंगठा चुकला तर हाड वाकडं बसतं. हे वाकडं न्हाई.”

“वाकडं नाही, आखूड आहे. का आहे?”

फिल्म तशीच उन्हात धरून त्यांनी मान फिरवली.

“अगं,” ते म्हणाले. “ओढ कधी सोडलीस?”

आईच्या हातात एक शेंग होती. ती तिनं पूर्ण सोलली, दाणे सुपात टाकले, साल बाजूला टाकलं.

“तिसऱ्या कामटीला,” ती म्हणाली.

मला ते डबीचं झाकण आठवलं. आणि एकदम वाटलेलं बरंही.

“हात सुटला?” दादांनी विचारलं.

“सुटल कसा? इतक्या वर्षांत सुटला का कधी?”

“तू जुळल्या म्हणालीस,” दादा म्हणाले. “मी इचारलं आणि तू जुळल्या म्हणालीस.”

“म्हणाले.”

“का?” हे मी विचारलं.

तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्या तोंडावर ना राग होता, ना लाज. हिशेब समजावून सांगताना मास्तरांचं तोंड असतं तसं होतं. “तू गेला असतास. बायकू घेऊन तिकडंच राहिला असतास. तूच म्हणालास. मग माझ्या जागी कोण येणार होतं? मी मरंस्तोवर लोकांच्या पायाशी बसायचं? माझी सासू माझ्या हातात टाच देऊन उठून गेली. मला कुणाच्या हातात देऊन उठायचं होतं?”

“आणि माझा पाय?”

“गादीवर बसायला पाय कुठं लागत्यात?” आई म्हणाली.

सुपात पावट्याचे दाणे होते. ती दुसरी शेंग सोलायला लागली.

“बरं, त्यानंतर?” मी म्हणालो. “दादा हात गेला म्हणून गोठ्यामागं लपत होते. तुला सगळं माहीत होतं. दारात उभी राहून तूच लोकांना सांगत होतीस.”

“मग काय करू? खरं बोलले असते तर दुसऱ्या दिवशी गादी पुन्हा अंथरली असती यांनी. मला म्हणाले असते, धर.” तिनं हात वर केले आणि मनगटं फिरवून दाखवली. बांगड्या वाजल्या. “बघ, सूज हाय का कुठं?”

मला वाटलं दादा आता तिच्या अंगावर जातील. मला तसं हवंही होतं. ते उभे राहिले. पण त्यांनी तिच्याकडं बघितलंच नाही, आणि माझ्या पायाकडंही नाही. फिल्म त्यांनी जपून, कडा धरून कट्ट्यावर ठेवली आणि आपला उजवा हात डोळ्यांपुढं धरला.

“म्हंजे माझा हात गेला न्हवता,” ते म्हणाले.

त्यांनी अंगठा वाकवून बघितला, मग ताठ केला.

“गेलाच न्हवता,” ते पुन्हा म्हणाले, आणि हसले. मधल्या सगळ्या वर्षांमध्ये मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. ते शिडी लावून माळ्यावर चढले. वरून गादीची गुंडाळी धपकन खाली पडली, आणि सोपाभर धूळ झाली. आईनं सूप उचलून पोटाशी धरलं.

“सकाळी एक माणूस आला हुता न्हवं?” दादा वरूनच म्हणाले. “भट्टीवरचा. गेला का?”

“फाट्यावर आहे,” मी म्हणालो. “गाडीची वाट बघतोय.”

“जा, बोलवून आण.”

आईनं मान हलवली. दादांना नाही, मला. फार थोडी. नको, एवढंच ती म्हणत होती, आणि तिच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा भीती बघितली. मला वाटतं, त्या दिवशी मी बसून राहिलो असतो तर गाडी त्या माणसाला घेऊन गेली असती आणि संध्याकाळपर्यंत दादांचा जोरही ओसरला असता. पण मी उठलो. मला बघायचं होतं.

फाट्यावर सुशांत भेटला. तोही त्या भरतीत नापास झाला होता आणि आता दुधाचा तोच टेम्पो चालवत होता. आम्ही दोघांनी बाज टेम्पोत चढवली. “काका बसवणार?” त्यानं दोनदा विचारलं. “खरंच?”

दादांनी गादी झटकून अंथरली होती, कामट्या पुसून ओळीनं मांडल्या होत्या. त्यांनी माणसाच्या मांडीवर सुशांतला बसवलं, डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. त्यांचं तोंड उजळत गेलं. “एकच हाय,” ते म्हणाले. “सोपं हाय.” मग मोठ्यानं, “अगं ये.”

आई स्वयंपाकघरातून आली. तिनं बांगड्या काढून ठेवल्या होत्या.

“माझी मनगटं,” ती म्हणाली.

“पट्टी गुंडाळ,” दादा म्हणाले, आणि धोतराची एक पट्टी तिच्याकडं फेकली.

तिनं पट्टी दोन्ही मनगटांना गुंडाळली, गाठ दातानं ओढली. ती पायाशी बसली. त्या माणसाची टाच तिनं तळहातात घेतली, दुसरा हात पावलावर ठेवला, पदराचं टोक दातात घेतलं.

“ओरडला तरी सोडू नको,” दादा म्हणाले.

आईनं मान हलवली नाही. ओढ धरली.

तो माणूस ओरडला. त्याची बायको अंगणात ओरडली. पहिली कामटी, दुसरी. तिसरी बांधताना माझी नजर आईच्या हातांवर होती. बोटांची पेरं पांढरी पडली होती. दंड थरथरत होते. हात सुटला नाही. चौथ्या कामटीची गाठ अर्धी मारून दादा थांबले.

सवयीनं ते विचारणार होते. तोंड उघडलंही होतं. मग त्यांनी ते मिटलं आणि माझ्याकडं बघितलं.

“धैर्या,” ते म्हणाले. “तू बघ.”

मी आईच्या शेजारी जाऊन बसलो. तिथून टाचा अगदी जवळून दिसतात. भट्टीच्या राखेनं भेगाळलेल्या दोन टाचा तिनं एकमेकींना लावून धरल्या होत्या.

“जुळल्या,” मी म्हणालो.

दादांनी गाठ मारली. आईनं हात सोडले आणि मांडीवर उताणे ठेवले. ती माझ्याकडं न बघता हळू बोलली, बाजूला बसलेल्या सुशांतलाही ऐकू जाऊ नये एवढं.

“खटावचं एक स्थळ आलंय तुझ्यासाठी. पत्रिका जुळलीय.”

मी उठायला लागलो.

“ऊसतोडीला जात होती म्हंत्यात,” आई म्हणाली. “हातानं घट्ट हाय.”